गहू बंद करायचा तर चक्कीपासून सुरुवात करा

माझ्या भाचीला सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, निघाला तेव्हा ती सात वर्षांची होती. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, ज्वारी घरची, भाकर रोजची. आम्हाला वाटलं, पोळी बंद केली की झालं. आठ महिने तिच्या ताटात पोळीचा तुकडा पडला नाही, तरी पोट फुगलेलं आणि वजन जागच्या जागी. फेरतपासणीत रक्तातला या आजाराचा आकडा जेमतेम उतरला होता. मग एक दिवस मी स्वतः दळण घेऊन चक्कीवर गेले आणि शेवटपर्यंत उभी राहिले. माझ्या आधी कोणाचा तरी गव्हाचा डबा दळून झाला होता. चक्कीवाल्या दादांनी कापडी बाहीला दोन थापा मारल्या आणि लगेच आमची ज्वारी वर ओतली. पहिलं ओंजळभर पीठ तांबूस आलं, मग हळूहळू पांढरं होत गेलं. ते तांबूस पीठ आठ महिने तिच्या भाकरीत जात होतं. दादांचा त्यात दोष नव्हता. त्यांना आम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून आसपासच्या चार-पाच घरांना हे पथ्य लावून द्यायला मदत केली. सगळीकडे चुका त्याच, आणि बहुतेक क्रमाच्या. लोक आधी बाजारात जाऊन महागडी पाकिटं आणतात आणि दळणाचा विचार सगळ्यात शेवटी करतात. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

टप्पा १ : तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नका

ऐकायला उलटं वाटेल, पण सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे. सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. रक्ताच्या तपासणीत (टीटीजी-आयजीए) त्या हल्ल्याच्या खुणा शोधतात, आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासतात तेव्हा झालेली इजा पाहतात. गहू आधीच सोडला असेल तर दोन्ही खुणा पुसट होतात, अहवाल चांगला येतो आणि आजार मात्र तसाच राहतो.

ज्यांनी आधीच सोडला आहे त्यांनी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नये. डॉक्टरांना सोडल्याची तारीख सांगा. तपासणीआधी किती आठवडे गहू खायचा ते तेच ठरवतील. रक्ताच्या तपासणीबरोबर 'एकूण आयजीए'सुद्धा करायचं का, हेही विचारा. काही माणसांत आयजीए, म्हणजे रक्तातलं एक प्रतिपिंड, मुळातच कमी असतं आणि मग पहिली तपासणी फसवते.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यामुळे फिक्कट पोर दिसलं की विचार तिथेच थांबतो. लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊनही रक्त वाढत नसेल, उंची खुंटली असेल, वारंवार जुलाब किंवा पोटफुगी असेल, तर सिलिॲकची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. गावच्या आरोग्य केंद्रात ती होत नसेल तर जिल्हा रुग्णालयाची किंवा वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी मागा.

तपासा : आजार पक्का झाला असेल तर आई-वडील आणि सख्ख्या भावंडांचीही रक्ततपासणी करायला सांगतात. साधारण दहांपैकी एकाला तो निघतो, आणि त्याला काही त्रास होत असेलच असं नाही.

सावधान : हे पथ्य सिलिॲकसाठी आहे आणि जन्मभराचं आहे. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा आजार आहे. वजन कमी करायला म्हणून कोणी सांगितलं, तर एवढा खटाटोप करायची गरज नाही.

टप्पा २ : नावांचा घोळ आधी मिटवा

भिंतीवर एक कागद लावा. त्यावर दोन रकाने करा आणि घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, वाचून दाखवा.

बंद : गहू आणि त्याची सगळी रूपं, म्हणजे कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, गव्हाचं सत्त्व, गव्हाच्या कुरड्या. पानगे, रोडगे, वरणफळं, पुरणपोळी, मांडे. जव म्हणजे बार्ली. राय नावाचं परदेशी धान्य. ओट्स सुरुवातीला पूर्ण बंद, कारण ते बहुतेकदा गव्हाबरोबरच हाताळले जातात.

चालू : ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, तांदूळ, पोहे, मुरमुरे, भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, सगळ्या डाळी, शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, मटण, मासे, भाज्या, फळं.

आता फसवी नावं. 'जवस' चालतो, 'जव' चालत नाही. एका घरी आजीने कागद वाचून जवसाची चटणी बंद केली आणि बार्लीचं पाणी मात्र थंडावा म्हणून देत राहिली. 'राई' म्हणजे मोहरी, ती फोडणीत खुशाल घाला. बंद आहे ती 'राय'. 'सातू' म्हणजे कुठे जव, तर आपल्याकडच्या सातूच्या पिठात भाजलेला गहू. दोन्ही बंद. मेथकुटात बहुतेक घरी मूठभर गहू घालतात, आणि भाजणीतही. उकडपेंडी कणकेची असते. ती ज्वारीच्या जाडसर पिठाची करा, छान होते.

हिंगाची गोष्ट कोणाच्या लक्षातच येत नाही. डबीतला हिंग बहुतेक 'बांधानी' असतो. मूळ हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. वरण, भाजी, ठेचा, लोणचं सगळीकडे हिंग जातो. डबीवर तांदळाचं पीठ लिहिलं असेल तरच घ्या, नाहीतर हिंग सोडून द्या. लसूण-जिऱ्याची फोडणी पुरते.

टप्पा ३ : धान्य आणि दळण

या टप्प्याला आठवडाभर लागला तरी चालेल, पण अर्धवट ठेवू नका.

आधी हिशेब समजून घ्या. 'ग्लुटेन फ्री' म्हणून विकायच्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, कणकेत साधारण ४०० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. किलोभर ज्वारीच्या पिठात एक चमचा कणीक मिसळली की मर्यादेच्या वीसपट झालं. पाव ग्रॅम, म्हणजे नुसती चिमूट, गेली तरी मर्यादा गाठते. बाहीला दोन थापा मारून एक चमचाही पीठ आत राहत नाही, असं कोणता चक्कीवाला सांगू शकेल?

*३.१ धान्य कुठून घ्यायचं.* घरची ज्वारी सगळ्यात चांगली. विकत घ्यायची तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घ्या आणि दोन प्रश्न विचारा : मळणी कोणत्या यंत्रावर झाली, आणि त्याआधी त्यावर काय काढलं होतं? कणसं वेगळी बडवून दिली तर उत्तमच. पोतं नवीन किंवा ज्वारीचंच असावं. गव्हाचा कट्टा झटकून त्यात ज्वारी भरू नका.

*३.२ निवडणं.* ज्वारी थोडी थोडी थाळीत पसरून निवडा. गव्हाचा दाणा लांबट, तांबूस, मधे चीर असलेला. गोल पांढऱ्या ज्वारीत तो लगेच दिसतो. तांदूळ आणि डाळीतही पाहा. मसुरीत गव्हाचे दाणे मला बरेचदा सापडले आहेत. निवडणारी व्यक्ती त्याच बैठकीत गहू निवडायला घेणार असेल तर ज्वारी आधी, गहू नंतर.

*३.३ धुणं, वाळवणं.* दोन-तीन पाण्यांनी धुऊन कडक उन्हात वाळवा. वर बसलेली गव्हाच्या पिठाची धूळ निघून जाते. चादर वेगळी ठेवा, तिच्यावर गहू कधीच वाळवायचा नाही. आणि शेजारच्या गच्चीवर गहू पाखडणं चालू असेल तर त्या दिवशी वाळवण टाळा.

*३.४ दळण.* पर्याय चांगल्याकडून वाईटाकडे असे :

पहिला, घरी फक्त याच माणसासाठी जातं किंवा घरगुती चक्की. नवी चक्की घ्यायची ऐपत नसेल तर आजीचं जातं कुठे पडलं आहे ते शोधा. त्यावर आधी गहू दळला असेल तर दोन्ही तळ्या घासून धुवा, पाथरवटाकडून टाकी लावून घ्या, पुन्हा धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा. मग किलो-दोन किलो स्वस्त तांदूळ दळून ते पीठ बैलाला द्या. त्यानंतर त्या जात्यावर गहू घालायचा नाही म्हणजे नाही, सणालासुद्धा नाही. एका माणसाला दोन दिवसांची ज्वारी जात्यावर दळायला फार वेळ लागत नाही.

दुसरा, दोन-तीन घरांनी मिळून एक घरगुती चक्की घेणं. आमच्याकडे शेवटी हेच झालं. चक्की ज्या खोलीत आहे तिथे गव्हाचा डबासुद्धा नेत नाहीत.

तिसरा, गावातल्या चक्कीवर गहू कधीच न घालता ठेवलेला वेगळा दगड असेल तर तो. पण बाजूच्या दगडावर गहू चालू असताना हवेत पीठ उडतच असतं. म्हणून सकाळी चक्की उघडताच, झाडझूड झाल्यावर, पहिलं दळण आपलं. वरचा डबा आणि बाही साफ करून घ्या, किलोभर तांदूळ आधी दळा, ते पीठ जनावरांना द्या. हा नाइलाजाचा मार्ग आहे. यावर असाल तर टप्पा ८ मधली रक्ततपासणी अजिबात चुकवू नका.

चक्कीवाल्याला 'जरा साफ करा' असं मोघम सांगू नका. 'पोरीच्या आतड्याला गव्हाचं पीठ लागलं की जखम होते' असं सांगा. आमच्या दादांनी हे ऐकल्यावर स्वतःहून सकाळची वेळ राखून ठेवली होती.

तपासा : दळण घेताना पहिलं मूठभर पीठ पांढऱ्या कागदावर घ्या आणि शेवटचं शेजारी ठेवा. रंगात फरक दिसला तर ते दळण त्या व्यक्तीला द्यायचं नाही. फरक दिसला नाही म्हणजे शुद्ध, असं मात्र समजू नका. चिमूटभर कणीक डोळ्याला दिसत नाही.

*३.५ पीठ थोडंच दळा.* ज्वारीच्या पिठाची विरी आठ-दहा दिवसांत जाते, भाकर फाटते, आणि मग घरात कोणीतरी 'चिकटपणाला थोडी कणीक घाल' म्हणतं. तिथेच सगळं मुसळ केरात. पीठ ताजं ठेवा. पोळीची सवय लागलेल्या पोरांसाठी उकड काढा : एक वाटी पाण्याला उकळी आणा, मीठ आणि चमचाभर तेल घाला, एक वाटी पीठ टाकून ढवळा, गॅस बंद करून दहा मिनिटं झाका. कोमट असतानाच हाताला पाणी लावून चांगलं मळा. हा गोळा पोळीसारखा लाटता येतो आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहतो. लाटताना वरून लावायला ज्वारीचंच पीठ.

टप्पा ४ : स्वयंपाकघर

घरातल्या सगळ्यांनी गहू सोडला तर हा टप्पा दहा मिनिटांचा आहे. नाहीतर या वस्तू वेगळ्या घ्या आणि त्यांना लाल दोरा बांधा : चाळणी, पोळपाट-लाटणं, कोपर (परात), तवा, सराटा (उलथनं), भाकरीचा डबा. चाळणीच्या जाळीतून आणि लाकडाच्या भेगांतून पीठ निघत नाही, म्हणून जुनं धुऊन वापरणं चालत नाही. स्टीलचे गंज (पातेली), ताटं, वाट्या साबणाने स्वच्छ धुतल्या की पुरेत.

रोजचा क्रम असा लावा : त्या व्यक्तीची भाकर आणि भाजी आधी, झाकून उंच ठेवायची, मग कणीक भिजवायची. उलट क्रमाने केलं की हवेतलं पीठ उघड्या वरणात बसतं. आमच्याकडे भाकर व्हायच्या आधी कणकेचा डबा उघडायचा नाही, एवढा एकच नियम आहे आणि तो तीन वर्षांत मोडला नाही.

सावधान : पुऱ्या तळलेल्या तेलात पापड किंवा भजी तळून द्यायची नाहीत. पोळी खाताना लोणच्याच्या बरणीत बुडालेला चमचा, पोळीला तूप लावून पुन्हा डब्यात गेलेला चमचा, दह्यात पडलेला पोळीचा कण... याच वाटांनी गहू येतो. तूप, लोणचं, ठेचा यांची छोटी बरणी वेगळी काढा.

टप्पा ५ : किराणा आणि आठवडी बाजार

बाजारात नियम एकच : जितकं अख्खं तितकं बरं. अख्खी हळद, अख्खी धने-मिरची, अख्खी हरभरा डाळ घ्या आणि घरी दळा किंवा मिक्सरला लावा. सुटं बेसन घेऊ नका. ज्या मापाने मैदा काढला त्याच मापाने ते निघतं, आणि स्वस्तात मिळालं तर भेसळीचीही भीती. हरभरा डाळ मिक्सरमधून काढून बारीक चाळली की चून-भाकरीला, पाटोडीला, गोळाभाताला चांगलं पीठ होतं.

अडलं तर दुकानातल्या उपासाच्या कप्प्याकडे वळा. भगर, साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू, शिंगाडा, शेंगदाण्याची चिक्की. गहू उपासाला चालत नाही, तेव्हा तुमचं अर्धं काम परंपरेने करून ठेवलं आहे. फक्त उपासाची *पिठं* सुटी घेऊ नका, ती त्याच चक्कीतून येतात.

पाकीट घ्यायचं तर उलटं करा. घटकांच्या यादीत व्हीट, मैदा, सुजी, सेमोलिना, बार्ली, माल्ट (मोड आणलेले जव), माल्ट एक्स्ट्रॅक्ट, राय, ओट्स यांतलं काही दिसलं तर परत ठेवा. मग ॲलर्जीची ओळ पाहा. 'कंटेन्स व्हीट' किंवा 'मे कंटेन व्हीट' दोन्ही नको. इंग्रजी वाचता येत नसेल तर मागच्या बाजूचा फोटो काढून वाचणाऱ्या पोराला पाठवा, पैसे नंतर द्या.

इथे फसतात ते पदार्थ : नाचणीची आणि ज्वारीची म्हणून विकलेली बिस्किटं (यादीत मैदा बहुतेक पहिला किंवा दुसरा असतो), मल्टिग्रेन आटा, कॉर्नफ्लेक्स (माल्टमुळे), दुधात घालायची माल्टची पावडर, सोया सॉस, सुटं शेव-फरसाण, मिठाईच्या दुकानातली बर्फी. कचोरी, समोसा, गुलाबजाम, जिलेबी तर सरळच मैद्याची.

'ग्लुटेन फ्री' लिहिलेली तयार पिठं आणि बिस्किटं तालुक्याला मिळतात, पण महाग असतात आणि बऱ्याचदा त्यात नुसता स्टार्च आणि साखर. प्रवासाला एखादा पुडा ठेवा, रोजच्या ताटाला त्यांची गरज नाही.

औषधांबद्दल दोन शब्द : गोळ्यांत, चूर्णात, टॉनिकमध्ये गव्हाचा स्टार्च किंवा माल्ट असू शकतो. औषधवाल्याला आजाराचं नाव सांगून विचारा.

टप्पा ६ : राशन, अंगणवाडी, शाळा

राशनचा तांदूळ चालतो. त्यातले वेगळे दिसणारे पोषणयुक्त दाणे तांदळाच्याच पिठापासून बनवलेले असतात, ते फेकू नका. पण दुकानात गहू आणि तांदूळ एकाच काट्यावर, एकाच घमेल्याने मोजतात, म्हणून निवडून, दोनदा धुऊन मगच शिजवा. गहू घरातल्या इतरांसाठी घट्ट झाकणाच्या कोठीत, दुसऱ्या खोलीत.

अंगणवाडीच्या पाकिटावरचे घटक वाचा. गहू असेल तर ताईंना डॉक्टरांचा कागद दाखवून सांगा. शाळेत मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंना तोंडी भेटा. खिचडीत तांदूळ असतो, पण हिंग आणि तयार मसाला कोणता ते विचारायचं. वाढदिवसाचं बिस्किट, केक यांसाठी वर्गशिक्षिकेकडे राजगिऱ्याचे चार लाडू ठेवून द्या. पोर रिकाम्या हाती राहिलं की ते मैत्रिणीच्या डब्यातून खातं, आणि त्यात त्याचा दोष नाही.

टप्पा ७ : पंगत, सण, प्रवास

लग्नाला, महाप्रसादाला जेवून जा आणि डबा न्या. पंगतीत साधा भात, काकडी, केळं एवढंच धरून चाला. वरणात हिंग आणि भाजीत दाटपणासाठी काय घातलं ते वाढणाऱ्याला माहीत नसतं. प्रसादाचा शिरा रव्याचा. 'देवाचं आहे, एवढ्याने काय होतं' असं मायेने म्हणणाऱ्यांना मोजून सांगा : एका पोळीच्या पन्नासाव्या भागाएवढं ग्लुटेन रोज पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलं आहे. प्रसाद हातात घ्या, कपाळाला लावा, दुसऱ्याला द्या. घरच्या पूजेला साखर-फुटाण्याचा नैवेद्य करा, म्हणजे पोराला नाही म्हणावं लागत नाही.

महालक्ष्म्यांना आपल्याकडे ज्वारीची आंबील असतेच. पुरणासाठी पोळी कशाला हवी. तूप घालून वाटीभर पुरण द्या, ते पोळीपेक्षा आधी संपतं.

एसटीच्या प्रवासाला फुटाणे, गूळ-शेंगदाणे, केळी, भाकर आणि कोरडा ठेचा. स्टँडवरचे तर्री-पोहे नुसत्या पोह्यांमुळे बरे वाटतात, पण तर्रीतला मसाला आणि आलूबोंड्याच्या कढईतला तोच झारा लक्षात ठेवा.

टप्पा ८ : उपयोग होतोय का, हे मोजा

एक वही करा. दर रविवारी सकाळी वजन, महिन्याला उंची, शौचाच्या तक्रारी, आणि बाहेर काही खाल्लं तर ते. जुलाब आणि पोटफुगी बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. आतडं भरून यायला महिने लागतात, मोठ्या माणसांना वर्ष-दोन वर्षंही. सुरुवातीला दूध पचत नसेल तर घाबरू नका, आतडं सुधारलं की बहुतेकदा ते पुन्हा चालतं. तोवर दही-ताक देऊन पाहा. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कमी आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि गोळ्या मधेच सोडू नका.

रक्ताची टीटीजी तपासणी साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग डॉक्टर सांगतील तशी. आकडा उतरत गेला पाहिजे. उतरत नसेल तर पोराला 'चोरून काय खाल्लंस' असं विचारण्याआधी या क्रमाने शोधा : दळण, हिंग, चाळणी, तुपाचा चमचा, सुटं बेसन, औषध, शाळा. बरं वाटायला लागलं म्हणून गहू थोडा थोडा सुरू करून पाहणाऱ्यांची घरं मी पाहिली आहेत. वर्षभराने रक्त पुन्हा तिथेच येतं.

भाचीच्या वहीत घरगुती चक्की आल्यानंतरच्या पहिल्या पाच महिन्यांत साडेतीन किलो वजन वाढल्याची नोंद आहे. त्या पानावर तिने स्वतः पेन्सिलने भाकरीचं चित्र काढलं आहे.